तौर सरांच्या पानावरची मुलगी

भोकरदन तालुक्यातून गोदावरी वाहत नाही, हे मला एकदा एका गुरुजींना फोन करून सांगावं लागलं होतं. गुरुजी धावड्याकडचे. त्यांनी आपल्या वर्गातल्या प्रयोगाचा अहवाल आमच्या विकीवर, म्हणजे शिक्षकांच्या सामायिक संकेतस्थळावर, चढवला होता. मुलांनी गोदावरीच्या वाळूत बोटाने अंक गिरवले आणि त्यामुळे त्यांच्या अंकज्ञानात लक्षणीय वाढ झाली, असं त्यात लिहिलं होतं. वाळू, बोटं, वाढ, सगळं ठीक होतं. नदी तेवढी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

"सर, धावड्यात गोदावरी कधी आली?" मी विचारलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग गुरुजी म्हणाले, "मॅडम, ते शहागडकडच्या मॅडमचं पान समोर ठेवून लिहून राह्यलो होतो. नदी बदलायची राह्यली."

"मुलं तरी बदलली का?"

"हो तर! पोरं बिलकुल आपलीच हायत."

शिक्षकांना शिकवणाऱ्या जालन्यातल्या एका केंद्रात माझी नोकरी झाली. तिथली शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे हे विकीचं काम होतं. जिल्ह्यातले शिक्षक वर्गात एखादी अडचण धरून छोटं संशोधन करतात. मूल वाचत का नाही, वजाबाकीत हातचा का विसरतं, दुपारनंतर निम्मा वर्ग कुठे जातो, असे विषय. चार-सहा महिने काहीतरी करून पाहायचं आणि काय घडलं ते लिहायचं. पूर्वी हे अहवाल स्पायरल बाइंडिंग करून यायचे, आम्ही ते कपाटात ठेवायचो आणि वाळवी ते मन लावून वाचायची. मग कुणीतरी विकीची कल्पना आणली. मला मराठी टाइप करता येतं हे दुर्दैवाने सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे काम माझ्याच गळ्यात पडलं.

विकी म्हणजे गावाच्या पारावर टांगलेला फळा समजा. कुणीही यावं, लिहावं, दुसऱ्याचं चुकलं असेल तर पुसून नीट करावं. एकच मेख आहे. या फळ्यावर पुसलेलंही राहतं. कुणी काय लिहिलं, कुणी काय खोडलं, हे 'इतिहास' नावाच्या कोपऱ्यात टिचकी मारली की सगळं दिसतं.

आता आपल्याकडे दुसऱ्याचं लिहिलेलं पुसायचं म्हणजे काय? तेही वयाने मोठ्या सरांचं! कुणाचा हात धजायचा नाही. चूक दिसली की मला फोन यायचा, "मॅडम, अमक्या सरांच्या तक्त्यात बेरीज चुकलीय. तुम्हीच करा दुरुस्त, माझं नाव येऊ देऊ नका." मी दुरुस्त करायची. परिणाम असा झाला की सगळ्या इतिहासात दुरुस्ती करणाऱ्याच्या जागी माझंच नाव. परक्या माणसाने पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, जालना जिल्ह्यात एकच बाई भांडखोर आहे आणि बाकी सगळे संत. बाकीचे काय करायचे? अभिनंदन करायचे. तेही पानाच्या खाली नाही, बरोबर मधोमध. "चाचणीत मुलांची प्रगती पुढीलप्रमाणे दिसून आली. खूप छान सर, असेच कार्य घडत राहो." हे असं मी किती वेळा निवडून काढलं असेल!

आणि प्रत्येक प्रयोग यशस्वी. माझ्या सगळ्या काळात फसलेल्या प्रयोगाची पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आली. मी बैठकीत ओरडायची, "अहो, न जमलेलं लिहा, पुढच्याचे सहा महिने वाचतील." सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन यशस्वी व्हायचे.

गोदावरीच्या प्रकारानंतर मात्र सगळेच शहाणे झाले. असं बसल्या जागी रचलेलं किती असेल, अशी कुजबुज सुरू झाली. मग बैठकीत सर्वांनी मिळून नियम केला. अहवालात मुलांची पूर्ण नावं हवीत, वडिलांच्या नावासकट, गावासकट. म्हणजे कुणालाही वाटलं तर जाऊन पडताळा घेता येईल. पालकांची सही घ्यायची. सह्या मिळायला काहीच त्रास पडला नाही, उलट लोक खूश व्हायचे. पोराचं नाव इंटरनेटवर आलं, हे पाहुण्यारावळ्यांत सांगायचे.

या नियमाखाली आलेलं सगळ्यात चांगलं पान तौर सरांचं होतं. सरांचं आडनाव मी बदललं आहे आणि पुढे जी मुलगी येईल तिचं नाव तर नक्कीच बदललं आहे. का, ते कळेलच.

तौर सर मूळचे कुंभार पिंपळगावचे, नोकरीला शहागडच्या बाजूला. आवाज खणखणीत, चालणं तुरुतुरु, वर्गात शिकवताना एका जागी उभे राहतील तर शपथ. त्यांच्या तिसरीच्या वर्गात निलोफर नावाची मुलगी होती. घरी उर्दू बोलणारं कुटुंब, शाळा मराठी. वडील रफीकभाई हायवेवर ट्रकवाल्यांना ताडपत्र्या आणि दोर विकायचे. ही मुलगी वर्गात एक अक्षर बोलायची नाही. विचारलं की नुसती बघायची. सरांना वाटलं, हिच्या बुद्धीतच काही कमी असणार. पण सर प्रामाणिक. कागदावर तसा शेरा मारण्याआधी त्यांनी सहा महिने घेतले. चित्रं दाखवून पाहिलं, गाणी म्हणवून पाहिलं, उर्दू शब्दांची यादी करून पाहिलं. काही नाही. मग एक दिवस ते दोर घेऊन वर्गात आले, दोन बाकं एकावर एक चढवली आणि म्हणाले, "हा ट्रक. ह्याच्यावर ताडपत्री बांधून दाखव." निलोफर उठली. दोर ओढून तिने अशी गाठ मारली की शिपायाला ती शेवटी कोयत्याने कापावी लागली. आणि गाठ मारून झाल्यावर ती बोलली. माल भिजू नये म्हणून कोणती बाजू आधी ओढायची, ते तिने सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. मूल मंद नव्हतं, आपण त्याला त्याच्या घरच्या कामाबद्दल, घरच्या भाषेत विचारत नव्हतो, असा सरांनी निष्कर्ष काढला.

पान वाचून मी सरांना फोन केला होता. अभिनंदनाचा! इतर जिल्ह्यांतल्या प्रशिक्षणांतही ते पान दाखवलं जायचं. सर निवृत्त झाले, पण कुठे भेटले की विचारायचे, "आपलं पान बराबर हाय ना जागेवर?" दुसरा माणूस नातवाची खुशाली विचारतो, तसं.

मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दुपारी केंद्रात एक गृहस्थ आले. मेहंदी लावलेली दाढी, हातात हेल्मेट. म्हणाले, "मी रफीक, शहागडहून आल्तो. ते नेटवरचं पान तुमच्याकडंच असतं ना जी? ते मिटवून टाका."

बसवलं, पाणी दिलं. हळूहळू सगळं कळलं. निलोफर आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. अंबडचं स्थळ आलं होतं. मुलगा बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, घरचे भले लोक, बोलणी जवळजवळ ठरलेली. हल्ली चौकशी गावात कमी आणि मोबाइलवर जास्त होते. मुलाच्या बहिणीने निलोफरचं नाव शोधून पाहिलं. सगळ्यात वर आमचं पान आलं.

रफीकभाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. शोधणारं यंत्र पानातल्या दोनच ओळी दाखवतं. तिचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, आणि पुढे, "ही विद्यार्थिनी मतिमंद असावी असा..." आणि तीन टिंबं. सरांचं मूळ वाक्य मला पाठ होतं, "असा माझा समज झाला होता, तो साफ चुकीचा ठरला." सगळं काही त्या तीन टिंबांत राहिलं होतं.

"त्यांनी पुढचं वाचलं नाही?" मी विचारलं.

"कोण वाचतंय मॅडम? पोरीचं नाव आणि हा लफ्ज, बस झालं. निरोप आला की थांबा जरा. सही मीच केल्ती जी त्या वख्ताला. खुशीनं केल्ती."

मी त्यांना खरं ते सांगितलं. पान मी आत्ता काढू शकते, जुन्या आवृत्त्याही झाकू शकते, तेवढा अधिकार माझ्याकडे आहे. पण शोधणारं यंत्र आपली आठवण लगेच सोडत नाही, त्या दोन ओळी अजून काही दिवस दिसतील. आणि आता पान उडवलं तर अंबडवाल्यांना वाटेल, झाकण्यासारखं होतं म्हणूनच झाकलं.

मी तौर सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पान काढू नका. मी येतो. अंबडला जाऊन पुरं वाचून दाखवू." रफीकभाईंना ते अवघड वाटत होतं. मुलीकडच्यांनी असं आपण होऊन जायचं म्हणजे पडती बाजू. पण सर ऐकेनात. "तुम्ही बोलू नका, मी बोलतो. लिहिलं मी हाय."

रविवारी आम्ही तिघं अंबडला गेलो. मुलगा, त्याची आई, आजोबा, ती शोध घेणारी बहीण, सगळे बैठकीत. सरांनी चहाला हात न लावता खिशातून छापलेलं पान काढलं आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली. वर्गात वाचावं तसं, खणखणीत. 'मतिमंद' हा शब्द आला तेव्हा रफीकभाईंची मान खाली गेली. सर त्या शब्दाशी अडखळले नाहीत, पुढचं वाक्य मात्र त्यांनी दोनदा वाचलं. मग दोर, मग बाकांचा ट्रक, मग गाठ, मग कोयता. कोयत्याला आजोबा हसले. वाचून झाल्यावर मुलाची आई डोळ्याला पदर लावून म्हणाली, "ये तो पहिले बताने का था ना जी! पोरगी तर हुशार हाय." आणि मग जरा थांबून, "अब भी बांधती क्या वैसी गाठ?"

बैठक हसली. मुलाने मान खाली घालून हसू लपवलं. स्थळ पक्कं झालं.

परत येताना सर गाडीत हवेत होते आणि खरं सांगायचं तर मीही होते. इतकी वर्षं मी शिक्षकांच्या मागे लागून हे सगळं लिहून घेतलं. त्याने कुणाचं लग्न मोडता मोडता राहिलं, आणि सावरलंही त्यानेच, असं मला वाटत होतं. सर म्हणाले, "मॅडम, आता नाव ठेवा तसंच. इज्जतीचंच पान हाय." रफीकभाईही म्हणाले, "हां, रहने दो जी. आता तर सासरच्यांनीबी ऐकलं."

शहागडला त्यांच्या घरी पोचलो. पेढे आले. निलोफर चहा घेऊन बाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ज्या मुलीचं पान मी वर्षानुवर्षं लोकांना दाखवत आले, तिचा चेहरा मला माहीत नव्हता. तिने कप ठेवले, तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, नाव कधी काढणार?"

रफीकभाई म्हणाले, "अगं, झालं ना सगळं बराबर. त्यांना पसंत पडलं."

"आज पडलं अब्बू. मी उद्या नोकरीला अर्ज केला आणि तिथल्या सायबानं दोनच ओळी वाचल्या, मंग? तिथं सर जातील का उभं राहून वाचायला?"

रफीकभाईंनी हातातला पेढा परत बशीत ठेवला. ती पुढे म्हणाली, "तुम्ही सही केली. सरांनी लिहिलं. मॅडमनी लावलं. त्या लोकांनी वाचून पास केलं. मला कुणी विचारलंय का?"

आवाज चढलेला नव्हता. मला लाज वाटली आणि त्याच वेळी ही मुलगी फार आवडली. तौर सरांचा चेहरा मात्र उतरला. बाहेर गाडीपाशी आल्यावर ते मला म्हणाले, "मॅडम, नाव काढलं की पान मेलं. नावाशिवाय लोक म्हणतील, ह्यानंबी गोदावरी वाहवली." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरीभर केलेल्या कामातलं एकच काम जिल्ह्याबाहेर गेलं होतं, आणि ते खरं असल्याचा पुरावा म्हणजे ते नाव. मी त्यांना एवढंच म्हणाले, "सर, पुरावा तुमचा आहे, पण नाव तिचं आहे." ते गाडीत जाऊन बसले.

मी लगेच पान बंद करून ठेवलं. मला वाटलं होतं, सर आता काही येणार नाहीत. पण पुढच्या आठवड्यात त्यांचाच फोन आला, "पोरीला घेऊन या म्हणावं केंद्रात. तिच्यासमोर काढतो."

निलोफर वडिलांबरोबर आली. सर संगणकासमोर बसले, ती बाजूच्या खुर्चीवर. एका फटक्यात सगळीकडचं नाव बदलायची सोय असते, ती मी दाखवायला गेले. सर नको म्हणाले. एकेका ठिकाणी थांबून त्यांनी नाव खोडलं आणि 'एक विद्यार्थिनी' लिहिलं. वडिलांचं नाव गेलं, गाव गेलं, दुकान गेलं. मी मागून जुन्या आवृत्त्या झाकल्या. हळूहळू ती मुलगी कुणाचीही मुलगी झाली. सरांनी चष्मा काढून पुसला.

"वाच आता. बराबर हाय का बघ."

तिने सावकाश पूर्ण पान वाचलं. शेवटाला आल्यावर म्हणाली, "नाव बराबर झालं सर. पण हे खालचं चुकलंय."

"कोणतं?"

"हे, निष्कर्षाचं. घरची भाषा, घरचं काम. ते न्हाई. मराठी मला येत होती सर. गल्लीत मराठीच बोलायचे मी. उत्तरंबी येत होती."

सर तिच्याकडे बघत राहिले. "मंग बोलत का नव्हतीस बाई?"

"तुम्ही विचारायचे आणि दुसऱ्याकडं जायचे. मी मनात उत्तर जुळवायची, तोवर दुसऱ्यानं सांगितलेलं असायचं. त्या दिवशी गाठ बांधायला वख्त लागला. ती होईपर्यंत तुम्ही तिथंच उभे राह्यले. कुणाकडं गेले न्हाई. म्हणून बोलले मी."

इतकी वर्षं ते पान मी किती प्रशिक्षणांत दाखवलं, किती शिक्षकांनी त्यावरून वर्गात दोर नेले, पाटा-वरवंटा नेला, विळे-खुरपी नेली! मला खुर्चीत बसवेना. सरांकडे बघायचा धीर होत नव्हता. वाटलं, आता ते चिडतील, किंवा उठून जातील.

सरांनी निष्कर्षाचा सबंध परिच्छेद निवडला आणि पुसून टाकला. कोरी जागा झाली. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "मंग इथं काय लिहू? तू सांग."

ती पडद्याकडे बघत राहिली. काही बोलेना. पंखा गरगरत होता, रफीकभाई हेल्मेट या हातातून त्या हातात घेत होते. मला राहवेना, एखादं वाक्य सुचवावं म्हणून मी तोंड उघडलं. सरांनी माझ्याकडे न बघता हात वर करून मला थांबवलं, कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले आणि तिच्याकडे तोंड करून बसून राहिले.

बऱ्याच वेळाने ती बोलायला लागली, तेव्हा सरांनी लिहायला घेतलं.